मॉरिशसला गेलेले पूर्वज: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मॉरिशसच्या मराठी घरांतून आणि इकडून कोकण-साताऱ्यातून तेच तेच प्रश्न परत परत येतायत, म्हणून सगळ्यांना एकत्रच उत्तर देतोय.

आमचं आडनाव बाबाजी. महाराष्ट्रात असं आडनाव कुणाचंच दिसत नाही. मग आम्ही मराठी कसे?

बाबाजी हे बहुतेक तुमच्या पूर्वजाचं किंवा त्याच्या वडिलांचं नाव असणार, तेच पुढे आडनाव म्हणून चिकटलं. असं हजारो घरांत झालंय.

डीएनए टेस्ट केली तर गाव कळेल का?

नाही.

एक एजंट म्हणतो की आडनाव आणि कुलदैवत सांगा, मूळ गाव आणि शिवकाळापर्यंतची वंशावळ काढून देतो. फी बरीच आहे. द्यावी का?

अजिबात देऊ नका. असे मेल वाचले की खरंच चीड येते, कारण लोक आयुष्यभराची ओढ घेऊन येतात आणि हे लोक त्यांना छापील कागद विकतात. आडनाव शंभर गावांत असतं, खंडोबा आणि ज्योतिबा तर अर्ध्या महाराष्ट्राचे, त्यावरून गाव ठरत नाही. तुमच्याकडे शोधायला हवा तो एक नंबर. १८३४ पासून जे गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, पोर्ट लुईला उतरले, म्हणजे आज जिथे आप्रवासी घाट आहे तिथे, त्या साडेचार लाखांच्या आसपास माणसांना प्रत्येकाला वेगळा नंबर दिला गेला, नवरा-बायकोलाही वेगवेगळा. त्या नंबरासमोर रजिस्टरात नाव, वडिलांचं नाव, वय, उंची, जात, गाव, जहाज, कुठल्या मळ्यावर पाठवलं हे सगळं लिहिलंय, आणि १८६० च्या दशकापासूनचे काहींचे फोटोसुद्धा आहेत. ही रजिस्टरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत.

तर उलटं चालायचं, स्वतःपासून मागे. तुमचा जन्मदाखला, मग आईवडिलांचा, मग आजोबांचा लग्नाचा दाखला, असं करत सिव्हिल स्टेटस ऑफिसमधून (तिकडचं जन्म-लग्न-मृत्यू नोंदणी कार्यालय) एकेक कागद काढत जा, जुन्या दाखल्यांवर आईबापाच्या नावाशेजारी तो नंबर बऱ्याचदा लिहिलेला असतो. तो मिळाला की मोक्याला जाऊन तिथल्या माणसांशी बोला, जाताना नातं दाखवणारे सगळे दाखले बरोबर ठेवा. गाव मिळालं तरी घाई नको, कारकुनाने कानाला आलं तसं इंग्रजीत लिहिलंय, रत्नागिरीचं रुतनागेरी आणि सावंतवाडीचं सावंत वारी, आणि एकाच नावाची गावं तालुक्या-तालुक्यात आहेत. नाव, बापाचं नाव आणि तालुका हे तिन्ही जुळेपर्यंत त्या गावात जाऊन कुणाला भाऊ म्हणू नका, मी कळकळीने सांगतोय, चुकीच्या घरी जाऊन रडलेली माणसं मी बघितलीयत.

इकडे आल्यावर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जुनी जन्ममृत्यूची नोंद म्हणजे कोतवाल बुक मागा. सातारा-सांगली-कोल्हापूरकडचे असाल तर घराण्याच्या हेळव्याला, म्हणजे वंशावळ सांगणाऱ्याला, विचारा, त्याच्या वहीत पिढ्या असतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्याही बघा. कागद मोडीत निघाला तर स्वतः अंदाज लावू नका, मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या.

आजी सांगायची की आमचे पूर्वज १८५७ च्या बंडात लढले आणि पकडले जाऊ नये म्हणून जहाजात बसले. हे कसं सिद्ध करायचं?

आधी जहाजाची तारीख बघा. ती १८५७ च्या अगोदरची निघाली तर विषय संपला. बहुतेक माणसं कर्ज आणि दुष्काळाला कंटाळून गेली, पाच वर्षांचा करार आणि महिना पाच रुपये, शिवाय भरती करणाऱ्यांनी दाखवलेली खोटी स्वप्नं. यात लाज वाटण्यासारखं काही नाहीये, उसाच्या मळ्यात राबून त्यांनी घरं उभी केली, हा काय कमी पराक्रम आहे?

सहावी पिढी आहे, ओसीआय कार्ड (परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचं कार्ड) मिळेल का?

मॉरिशससाठी सवलत आहे, मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपतींनी सातव्या पिढीपर्यंत जाहीर केली. पण कागद कुठले लागतील ते पोर्ट लुईच्या भारतीय उच्चायोगातच विचारा, व्हॉट्सॲपवर आलेली यादी धरून अर्ज भरू नका.

आम्ही मालवणकडचे. पणजोबांचे भाऊ मारीचला, म्हणजे मॉरिशसला, गेले असं घरात बोलतात, तिकडचे वंशज सापडतील का?

ही वाट जास्त अवघड. नुसतं "तुकाराम" म्हणून शोधलं तर तुकारामच तुकाराम निघतील. त्यांच्या वडिलांचं नाव, गाव, वाडी आणि साधारण कुठल्या साली गेले एवढं आधी पक्कं करा, मग मोक्याला पत्र लिहा. तुम्ही लिहिलंय की घरात नव्वदीच्या आत्या आहेत आणि "दिवाळीनंतर निवांत बसू". दिवाळीची वाट कशाला बघताय? या रविवारी जा, फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि त्यांना गेलेल्या माणसाचं नाही, घरात राहिलेल्यांचं विचारा, कोण कुणाचा मुलगा, कुठल्या सुना कुठून आल्या, जमीन कुणाच्या नावावर झाली. ती नावं फेरफारात सापडली की मला परत लिहा.