एमआरआयच्या रिपोर्टात नेमके काय पाहावे? मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांचे प्रश्न

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस हा मेंदू आणि मज्जारज्जूतील चेतातंतूंचे आवरण झिजवणारा आजार असलेल्या वाचकांच्या पत्रांत अलीकडे सर्वाधिक प्रश्न एमआरआयच्या रिपोर्टाविषयी असतात. एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरसाठी लिहिलेला हा मजकूर आता तपासणीनंतर लगेच रुग्णाच्या मोबाइलवर येतो. मग न्यूरोलॉजिस्टची भेट होईपर्यंतचे दिवस त्यातल्या एकेका शब्दाचा अर्थ लावण्यात आणि काळजीत जातात. ती काळजी काही अंशी तरी कमी व्हावी, म्हणून निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न: माझ्या रिपोर्टात ‘टी-टू आणि फ्लेअर प्रतिमांमध्ये अनेक हायपरइंटेन्स फोकाय, पेरिव्हेंट्रिक्युलर आणि जक्स्टाकॉर्टिकल’ असे लिहिले आहे. याचा अर्थ काय?

टी-टू आणि फ्लेअर या एकाच मेंदूच्या प्रतिमा घेण्याच्या दोन पद्धती आहेत. एमआरआयला मिळणारा संदेश मुख्यतः शरीरातल्या पाण्यातील हायड्रोजनकडून येतो. जिथे चेतातंतूंवरचे मायलिनचे आवरण झिजलेले असते किंवा दाह असतो, तिथे पाण्याचे प्रमाण वाढते आणि तो भाग आजूबाजूपेक्षा उजळ दिसतो. हायपरइंटेन्स फोकाय म्हणजे असे उजळ डाग. मेंदूच्या पोकळ्यांमधील द्रवही टी-टू प्रतिमेत पांढराच दिसत असल्यामुळे त्याला लागून असलेले डाग त्यात हरवतात. फ्लेअर पद्धतीत हा द्रव काळा केला जातो, म्हणून ते डाग स्पष्ट उठून दिसतात.

उरलेले दोन शब्द जागा सांगतात. पेरिव्हेंट्रिक्युलर म्हणजे या पोकळ्यांना लागून आणि जक्स्टाकॉर्टिकल म्हणजे मेंदूच्या बाह्य थराच्या अगदी खाली. ‘अनेक’ या शब्दाने बहुतेक रुग्ण घाबरतात, परंतु माझ्या मते रिपोर्टातला सर्वांत महत्त्वाचा तपशील हा जागेचाच असतो. पांढरे डाग मायग्रेनमध्ये दिसतात, उच्च रक्तदाबात दिसतात आणि वाढत्या वयात निरोगी माणसांमध्येही दिसतात. एमएसचे डाग मात्र बारीक शिरांभोवती तयार होत असल्याने पोकळ्यांपाशी ते बहुधा लंबगोल असतात आणि पोकळीच्या कडेला काटकोनात उभे राहिलेले दिसतात. जेम्स डॉसन यांनी १९१६ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली केलेल्या अभ्यासात या रचनेचे वर्णन केले होते, म्हणून काही रिपोर्टांत ‘डॉसन्स फिंगर्स’ असा उल्लेख आढळतो. निदानासाठी वापरले जाणारे मॅकडोनाल्ड निकष २००१ मध्ये आले आणि पुढे अनेकदा सुधारले गेले. त्यांतही डाग पोकळ्यांपाशी, बाह्य थरापाशी, मेंदूच्या मागील खालच्या भागात आणि मज्जारज्जूत आहेत का, हे पाहिले जाते. २०२४ च्या सुधारणेत दृष्टिचेतेची पाचवी जागा म्हणून भर पडली आहे.

प्रश्न: दोन वर्षांत मला एमएसचा एकही अटॅक (लक्षणे अचानक उफाळून येणे) आला नाही, तरी या वेळी दोन नवे डाग निघाले. उलट माझ्या ओळखीच्या एका रुग्णाच्या मेंदूत मोजकेच डाग असून त्यांना काठीशिवाय चालता येत नाही. मग एमआरआयवर विश्वास कसा ठेवायचा?

तुमची दोन्ही निरीक्षणे बरोबर आहेत, आणि ती एमआरआयच्या विरोधात जात नाहीत. डाग आणि त्रास यांचे प्रमाण जुळत नाही, हे डॉक्टरांनाही फार पूर्वीपासून माहीत आहे. मेंदूच्या आतील पांढऱ्या भागात अशा कितीतरी जागा आहेत, जिथे लहानसा डाग झाला तरी आसपासचे मार्ग काम सांभाळून घेतात आणि रुग्णाला काहीच जाणवत नाही. मज्जारज्जूची गोष्ट वेगळी आहे. हातापायांकडे जाणारे आणि तिथून येणारे सर्व मार्ग तिथे करंगळीएवढ्या जाडीत एकत्र आलेले असतात, त्यामुळे तिथला एक छोटा डागही चालण्यावर परिणाम करू शकतो. तुमच्या परिचितांच्या मज्जारज्जूचा एमआरआय झाला आहे का, हे त्यांनी अवश्य विचारावे.

याशिवाय नेहमीच्या प्रतिमांना सगळे दिसत नाही. बाह्य थरातील बरेचसे डाग त्यांतून निसटतात आणि जो भाग प्रतिमेत निरोगी वाटतो, त्यातही सूक्ष्म पातळीवर इजा झालेली असू शकते.

आता तुमच्या दोन नव्या डागांविषयी. ज्या रुग्णांचे एमआरआय वारंवार काढून अभ्यास झाले, त्यांच्यात अटॅकच्या संख्येपेक्षा नव्या डागांची संख्या साधारणपणे पाच ते दहा पटींनी अधिक आढळली. म्हणजे बहुतेक नवे डाग मुकाट्याने येतात. अटॅक नसताना ते पकडणे हेच पाठपुराव्याच्या एमआरआयचे मुख्य काम आहे, कारण त्यावरून सध्याचे औषध पुरेसे आहे की बदलावे, हे ठरवता येते. मात्र त्याआधी एक गोष्ट तपासून घ्या: तुलना कोणत्या तारखेच्या एमआरआयशी केली आहे? औषधाचा पूर्ण परिणाम दिसायला काही महिने लागतात. तुलनेचा जुना एमआरआय औषध सुरू होण्यापूर्वीचा असेल, तर हे डाग औषध लागू पडण्याआधीच आलेले असू शकतात, आणि तसे असल्यास औषध अपयशी ठरले असे म्हणता येणार नाही. म्हणूनच नवे औषध सुरू केल्यावर तीन ते सहा महिन्यांनी एक एमआरआय काढावा आणि पुढची तुलना त्याच्याशी करावी, असे सुचवले जाते.

प्रश्न: गेल्या वर्षीच्या रिपोर्टात नऊ डाग होते, या वर्षी दुसऱ्या केंद्रात चौदा सांगितले. आजार इतका वाढला का?

केवळ या आकड्यांवरून तसे म्हणता येत नाही. यंत्राची चुंबकशक्ती दीड टेस्ला आहे की तीन, प्रतिमांचे काप किती जाडीचे घेतले, डोके कोणत्या कोनात होते, या सर्वांनी दिसणाऱ्या डागांची संख्या बदलते. एकमेकांत मिसळलेले डाग एक रेडिओलॉजिस्ट एकच मोजतो, तर दुसरा तीन. शक्यतो त्याच केंद्रात, त्याच पद्धतीने एमआरआय काढा. केंद्र बदलावेच लागले, तर जुन्या तपासणीचा नुसता कागद न नेता सर्व प्रतिमांची सीडी न्या आणि ‘मागील प्रतिमांशी तुलना करून नवे किंवा वाढलेले डाग सांगावेत’ असे चिठ्ठीवर लिहून घ्या.

प्रश्न: निदानाच्या वेळी कॉन्ट्रास्टचे इंजेक्शन दिले होते, या वेळी डॉक्टर नको म्हणाले. तपासणी अपुरी राहिली का?

नाही. कॉन्ट्रास्टमधील गॅडोलिनियम रक्तातून सहसा मेंदूत शिरत नाही. जिथे ताजा दाह असतो, तिथे रक्त आणि मेंदू यांमधली संरक्षक भिंत सैल होते आणि तो डाग उजळतो. हे उजळणे बहुधा दोन ते सहा आठवडे टिकते. त्यामुळे निदानाच्या वेळी जुने आणि ताजे डाग एकाच तपासणीत वेगळे ओळखता येतात. पाठपुराव्यात मात्र चांगल्या दर्जाचा मागील एमआरआय हाताशी असेल, तर नवा डाग कॉन्ट्रास्टशिवायही कळतो. वारंवारच्या इंजेक्शनांनंतर गॅडोलिनियमचे अंश मेंदूत राहतात, असे २०१४ मध्ये दिसून आले. त्यापासून अपाय झाल्याचे सिद्ध झालेले नाही, परंतु २०२१ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी नेहमीच्या पाठपुराव्यात त्याचा वापर टाळण्यास सांगितले आहे. मूत्रपिंडाचा आजार किंवा गर्भधारणा असेल, तर ते आधीच सांगावे. नुकतेच स्टेरॉइड घेतले असेल तर तेही सांगावे, कारण त्यामुळे ताजा डागही उजळत नाही.

प्रश्न: दरवर्षी एमआरआय काढल्याने किरणोत्सर्गाचा धोका आहे का?

नाही, एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. शरीरात पेसमेकर, क्लिप किंवा अन्य धातू असेल, तर मात्र आत जाण्यापूर्वी सांगणे अत्यावश्यक आहे.

प्रश्न: ‘माइल्ड सेरेब्रल ॲट्रॉफी’ वाचून झोप उडाली आहे. हा स्मृतिभ्रंश आहे का?

हे स्मृतिभ्रंशाचे निदान नव्हे. सेरेब्रल ॲट्रॉफी म्हणजे मेंदू आक्रसणे. मेंदूचे आकारमान वयानुसार प्रत्येकाचे थोडे कमी होते आणि एमएसमध्ये हा वेग अधिक असतो. ‘माइल्ड’ हा शब्द बहुधा नजरेच्या अंदाजाने लिहिलेला असतो, त्यामागे मोजमाप असतेच असे नाही. शरीरातील पाणी कमी असणे किंवा यंत्र बदलणे यांनीही फरक पडतो. प्रभावी औषध सुरू केल्यावर पहिल्या वर्षात दाहाची सूज ओसरते, तेव्हाही मेंदू आक्रसल्यासारखा दिसतो, आणि तो चांगल्या परिणामाचा भाग असू शकतो. नावे आठवायला वेळ लागणे, एका वेळी दोन कामे न जमणे, हिशेब चुकणे असे काही तुम्हाला किंवा घरच्यांना जाणवत असेल, तर ते न्यूरोलॉजिस्टना स्पष्ट सांगा आणि स्मृती व एकाग्रतेची चाचणी करून घेण्याची विनंती करा. पुढच्या वर्षी तीच चाचणी पुन्हा केली, तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर या एका शब्दापेक्षा तिच्यातून अधिक खात्रीने मिळेल.