प्रोजेक्टर कपाटात ठेवून काय मिळवलंत?

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. मुलगी बारावी सायन्सला. कॉलेजच्या प्रदर्शनात तिने एका खोलीत काळोख केला, छतापासून पांढरे कागद टांगले, त्यांवर पाण्याचा व्हिडिओ सोडला आणि आवाज लावला. आता तिला हेच, म्हणजे मांडणशिल्प (जिथे सगळी जागाच कलाकृती होते), शिकायचं आहे. तुम्ही तोडगा काढलात तो मल्टिमीडिया डिप्लोमाचा. प्लेसमेंटची हमी आहे आणि महिनाअखेरीस जागा पक्की करायची आहे. 'तिचंही मन राखलं जाईल आणि आमचीही काळजी मिटेल,' असं तुम्ही लिहिता. हा निर्णय योग्य आहे असं मी लिहून द्यावं, म्हणजे ते तुम्ही तिला दाखवाल.

तसं मी लिहून देणार नाही.

तिच्या गुणांची मला चिंता नाही. मी अडले ते तुमच्या एका वाक्यापाशी: 'प्रोजेक्टर कपाटात ठेवून कुलूप लावलं, तेव्हापासून ती वाद घालत नाही, आता सगळं सुरळीत आहे.' काय सुरळीत आहे? वाद थांबला, कारण तुमच्याशी बोलून उपयोग नाही हे तिला कळलं. या वयाच्या मुली आईवडिलांशी भांडतात तोवर फारसं बिघडलेलं नसतं. त्या गप्प झाल्या की मला काळजी वाटते, आणि तुम्हाला नेमका त्याचाच दिलासा वाटतोय. परीक्षेपुरतं वस्तू बाजूला ठेवणं मी समजू शकते. पण ते दोघांनी बसून ठरवायचं असतं, कुलूप लावून नव्हे.

पत्रात खर्चाचं, नोकरीचं, नातेवाइकांच्या मुलांचं बरंच काही आहे. तिच्या कामाबद्दल मात्र दोनच वाक्यं, आणि दुसरं तर तक्रारच आहे: 'आजीच्या शिलाई मशीनवर दोरा न ओवता कागद चालवते, नुसती भोकं पाडत बसते आणि वर त्याच मशीनचा आवाज रेकॉर्ड करते.' हे वाचून मी पत्र बाजूला ठेवलं. अहो, हीच तर तिच्या कामाची गोष्ट आहे! भोकांतून प्रकाश पलीकडे जातो आणि मागच्या भिंतीवर ठिपके पडतात. ज्या मशीनने ती भोकं पाडली, तिचाच आवाज खोलीत घुमतो. मी ते काम पाहिलेलं नाही, पण कागद, प्रकाश आणि आवाज यांना एका धाग्यात ओवणं तिला सुचलं आहे, तेही कुणी न शिकवता. तुम्ही त्या खोलीत किती वेळ थांबलात, हे पत्रात कुठेच नाही.

आता डिप्लोमाचं. 'मल्टिमीडिया' हा शब्द तिच्या कामालाही लावता येतो आणि डिप्लोमालाही, म्हणून दोन्ही एकच, हा तुमचा गैरसमज पुष्कळ पालकांचा असतो. अशा डिप्लोमात सहसा एडिटिंग, ग्राफिक्स, अ‍ॅनिमेशनची सॉफ्टवेअर शिकवतात. ते उपयोगी आहे, त्यावर पोट भरणारी चांगली माणसं आहेत. पण तिथलं काम पडद्यावर सुरू होऊन पडद्यावरच संपतं. तुमच्या मुलीचं काम खोलीत घडतं. तिच्यापुढचे प्रश्न वेगळेच. प्रोजेक्टर दुप्पट अंतरावर नेला की तेच चित्र चौपट जागेवर पसरतं आणि उजेड एक चतुर्थांश उरतो. घडी घातलेल्या कागदाची तिरकी बाजू कमी उजळते, म्हणून सपाट कागदाला खोलपणा येतो. दमट हवेत कागद ओलावा शोषून वाकतो आणि मोजूनमापून बसवलेलं चित्र सरकतं. बघणारा मध्ये आला की त्याची सावली पडते. ती टाळायची की कामातच घ्यायची? हे प्रश्न शिल्पकाराचे आहेत, थोडे नाटकाच्या नेपथ्यकाराचे. या क्षेत्रातल्या मोठ्या नावांकडे पाहा. नलिनी मालानी मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या, चित्रकार म्हणून सुरुवात केली आणि २०१२ मध्ये जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा या कलाप्रदर्शनात रंगवलेले पारदर्शक दंडगोल फिरवून व्हिडिओ, सावल्या आणि आवाजाने दालन भरून टाकलं. आवाजाची मांडणशिल्पं करणाऱ्या शिल्पा गुप्ता जे. जे.मध्येच शिल्पकला शिकल्या. फाडलेल्या काळ्या कागदाच्या आकृत्यांना प्रोजेक्शनमध्ये चालवणारे विल्यम केंट्रिज आधी राज्यशास्त्र शिकले, पुढे पॅरिसला नाटक. व्हिडिओ आर्टचे जनक म्हणवले जाणारे नाम जून पाइक संगीतातून आले. सॉफ्टवेअर लागतंच, पण ते लागेल तेव्हा शिकता येतं.

प्रवेशपरीक्षा तुम्हाला कुठेही सापडतील: एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची डॅट, आयआयटींच्या डिझाइन पदवीसाठी यूसीड, राज्यातल्या कला महाविद्यालयांसाठी सीईटी, शिवाय बडोदा आणि शांतिनिकेतनच्या कला विभागांचे स्वतंत्र प्रवेश. तिने शिल्पकला घ्यावी, असा माझा कल आहे. तारखा संस्थांच्या संकेतस्थळांवरच बघा.

पैशांचं विचारलंत, तर गोड बोलणार नाही. असं काम भिंतीवर टांगायच्या चित्रासारखं विकलं जात नाही. ही माणसं अनुदानं, निवासी शिष्यवृत्त्या, शिकवणं आणि संग्रहालयं, नाटकं, प्रदर्शनं यांची कामं असं जोडून जगतात. सुरुवातीची काही वर्षं ओढाताणीची जातात. हे तिला माहीत हवं, पण माहिती म्हणून. धमकी म्हणून सांगितलंत तर ती ऐकणारच नाही. आणि प्लेसमेंटच्या हमीवर विसंबण्याआधी त्या संस्थेकडे गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांची यादी मागा. कुणाला कुठे, काय काम मिळालं, याची. उत्तर देताना ते किती घुटमळतात ते बघा.

हे थोडं मुलीसाठी, वाचू द्या तिला. बाळा, प्रदर्शन उतरवलं की तुझं काम नाहीसं होतं, उरते फक्त नोंद. तुझ्या बाबांच्या पत्रात फोटोचा उल्लेखही नाही, यात काही चूक तुझीही असेल. पुन्हा मांडशील तेव्हा कॅमेरा तिवईवर स्थिर ठेव, आवाज वेगळा रेकॉर्ड कर, खोलीचा नकाशा काढ, छोटी प्रतिकृती कर, फसलेले कागदही ठेव. मुलाखतीत 'पाणीच का?' असं विचारतील. 'छान दिसतं म्हणून' एवढंच उत्तर असेल तर अजून विचार कर, कारण शिलाई मशीन मला कळलं, पाणी नाही कळलं.

तुम्हाला एवढंच सांगते, कपाट आजच उघडा. परीक्षेपर्यंत प्रोजेक्टर कधी वापरायचा ते तिला ठरवू द्या. डिप्लोमाची टोकन रक्कम भरू नका, आणि भरली असेल तर परताव्याच्या अटी लेखी मागवून घ्या.