नोकरी लागली, आता संघटनेत ये

इंदूरच्या आयसीयूत रेस्पिरेटरी थेरपिस्ट म्हणून रुजू झालीस, फार आनंद झाला. आता आपल्या थेरपिस्टांच्या संघटनेची सभासद हो. व्हेंटिलेटरचं सेटिंग तू बघतेस, एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) तू काढतेस, तरी पुष्कळ ठिकाणी पगारपत्रकावर नुसतं ‘टेक्निशियन’ लिहितात. एकटीने भांडून ते बदलत नाही. २०२१च्या राष्ट्रीय कायद्याच्या (नॅशनल कमिशन फॉर अलाईड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स अॅक्ट) अनुसूचीत आपला पेशा आहे, राज्य परिषद आणि नोंदणीची तरतूदही त्यातच आहे. तो नीट वाच. भोपाळला सरकारकडे निवेदन द्यायचं तर हातात कागद हवेत: पदवी, नेमणूकपत्र, ड्यूटी चार्ट, आणि रात्रपाळीत एका थेरपिस्टकडे किती व्हेंटिलेटर असतात त्याची तारीखवार नोंद. रुग्णांची नावं मात्र कधीच लिहू नकोस. नुसती वर्गणी भरून गप्प बसणारे आपल्यात खूप आहेत, मला ते खटकतं. पुढच्या बैठकीला वही घेऊनच ये.