अर्धा कप चहा आणि एक खारी

"ताई, देवानं वचन दिलं होतं. मग माझाच विश्वास कमी पडला का?"

ख्रिस्ती घरांतून हा प्रश्न माझ्याकडे नेहमी येतो. वडगाव शेरीच्या मावशींनी (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) तो विचारला तेव्हा हातात एक कार्ड होतं. 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत नव्या वर्षासाठी देवाचं वचन म्हणून टोपलीतून उचललेलं, फ्रिजवर राहून तेलकट झालेलं. बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, 29:11: तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, असं देव म्हणतो ते. काकांचं डायलिसिस चालू होतं, त्यामुळे घरादारानं अर्थ एकच लावला: बरे होणार. जुलैत काका गेले. प्रार्थना सभेत कुणीतरी म्हणालं, विश्वासातच कुठंतरी खोट असणार.

पहिल्या भेटीत मीही चुकले. देवाच्या योजना आपल्याला कळत नाहीत, असलं काहीतरी बोलून गेले. मावशी "हो हो" म्हणाल्या आणि घड्याळाकडे बघत बसल्या.

दुसऱ्या खेपेला खरं निघालं. उपास-प्रार्थनेच्या एका शुक्रवारी चक्कर आली म्हणून त्यांनी ओट्यापाशी उभ्याउभ्या अर्धा कप चहात खारी बुडवून खाल्ली होती. मुलीलाही सांगितलं नव्हतं. नवऱ्याचं मरण त्या एका खारीवर टाकून बसल्या होत्या बाई.

मी म्हटलं, "मावशी, तो अध्याय पहिल्यापासून वाचा बरं." इ.स.पू. 597 मध्ये यरुशलेमहून बाबेलात (बॅबिलोनमध्ये) धरून नेलेल्यांना यिर्मयानं लिहिलेलं पत्र ते. घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा. मग दहाव्या ओळीत, परत आणीन, पण सत्तर वर्षांनी. तिथं त्या अडखळल्या.

"म्हणजे हे ऐकणारे बरेचसे तिकडंच मेले असतील की!"

मागच्याच अध्यायात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा आहे, बाबेलात नेलेले लोक आणि वस्तू दोन वर्षांत परत येतील म्हणणारा. लोकांना तोच आवडला असणार. मलाही आवडला असता. यिर्मयानं त्याला तोंडावर खोटा म्हटलं.

चहाबद्दल मी एवढंच विचारलं, "काका असते तर काय म्हणाले असते?" मावशी पहिल्यांदा हसल्या. "म्हणाले असते, दुसरी खारी घे." मग खूप रडल्या. देवाचा राग येतो, हेही तेव्हाच बोलल्या. मी बायबलमधलं 88वं स्तोत्र काढून दिलं. ते अंधारातच संपतं, शेवटी आभार वगैरे काही नाही. "हे पण पवित्र शास्त्रात आहे होय?"

काकांच्या वर्षाच्या प्रार्थनेला त्यांनी तेच वाचायचं ठरवलं. मुलगी म्हणाली, लोक काय म्हणतील? मावशींनी तिला पान नंबर सांगितला.