चूक होणार नाही, करणार नाही की होऊ देणार नाही?

एका शिक्षिकाबाईंनी विचारलं आहे: 6 ऑगस्टला वर्गाबाहेरच्या फळ्यावर हिरोशिमाच्या स्मारकावरची ओळ मराठीत लिहायची आहे. मुलांनी तीन भाषांतरं करून आणली. ‘ही चूक पुन्हा होणार नाही’, ‘आम्ही ही चूक पुन्हा करणार नाही’ आणि ‘ही चूक पुन्हा होऊ देणार नाही’. यातलं बरोबर कोणतं, आणि मूळ वाक्यात कर्ता नेमका कोण?

बाई, मुलांनी आणलेल्या या तीन वाक्यांवरून जपानात बरीच वर्षं वाद झाला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी मूळ ओळ. ‘यासुराका नि नेमुत्ते कुदासाइ, आयामाचि वा कुरिकाएशिमासेनु कारा.’ ‘यासुराका नि’ म्हणजे निवांतपणे, शांतपणे. ‘नेमुत्ते कुदासाइ’ म्हणजे ‘झोपा’, पण अदबीनं केलेली विनंती. ‘आयामाचि’ म्हणजे चूक. या शब्दाकडे पुन्हा येतो. ‘कुरिकाएशिमासेनु’ म्हणजे पुन्हा न करणं. शेवटचा ‘कारा’ म्हणजे कारण. आता यात मी, आम्ही, आपण, ते शोधून पाहा. सापडणार नाही. जपानीत कर्ता सर्रास गाळतात आणि क्रियापदही पुरुष-वचनाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे शेपटावरून कर्ता ओळखण्याचीही सोय नाही.

ही ओळ जिथे कोरली आहे ती जागा डोळ्यांसमोर आणा. घोड्याच्या खोगिरासारखी एक रुंद कमान, वास्तुरचनाकार केन्झो तांगे यांनी आखलेली. कमानीखाली एक दगडी पेटी. पेटीत मृतांच्या नावांच्या वह्या आहेत. बॉम्बच्या झळीतून वाचलेलं माणूस वर्षभरात वारलं की पुढच्या 6 ऑगस्टला त्याचंही नाव त्या वह्यांत जातं. नावांची संख्या आता 3 लाख 40 हजारांच्या पुढे गेली आहे. ओळ आहे ती या पेटीच्या दर्शनी बाजूवर, म्हणजे बोलणारा पेटीसमोर उभा राहून आतल्यांशी बोलतो आहे. स्मारकाचं अनावरण 6 ऑगस्ट 1952 रोजी झालं. ओळ लिहिली साइका तादायोशी यांनी. ते हिरोशिमा विद्यापीठात इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक होते आणि बॉम्ब पडला तेव्हा त्याच शहरात होते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात न्यायमूर्ती राधाबिनोद पाल हिरोशिमाला आले. जपानी नेत्यांवर टोकिओत जो युद्धगुन्ह्यांचा खटला चालला, त्यातल्या अकरा न्यायाधीशांपैकी पाल हे भारताचे. सर्व आरोपी निर्दोष आहेत असं वेगळं मत त्यांनी 1948 मध्ये नोंदवलं होतं. जपानी सैन्यानं अत्याचार केलेच नाहीत, असं मात्र ते म्हणाले नव्हते. त्याचा पुरावा भरपूर आहे असं त्यांनी त्याच निकालपत्रात लिहिलं आहे. आणि अणुबॉम्ब टाकण्याचा निर्णय दोस्त राष्ट्रांचा होता, त्याचा जाब कुणीच विचारत नाही, हा सलही त्या निकालपत्रात आहे. असा माणूस त्या पेटीसमोर उभा राहिला. ओळ त्यांच्यापर्यंत पोचली ती भाषांतरातून. त्यांनी विचारलं ते साधारण असं: हे ‘आम्ही’ म्हणजे जपानीच ना? मग बॉम्ब काय जपान्यांनी टाकला? ज्यांनी टाकला त्यांचे हात अजून धुतले गेलेले नाहीत, आणि माफी मात्र मेलेल्यांच्या नातलगांनी मागायची?

साइकांनी पालांना पत्र लिहून उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं, या वाक्यातलं ‘आम्ही’ जपान्यांपुरतं नाही. या पेटीसमोर जो कुणी उभा राहील, त्या प्रत्येकाचं हे वाक्य आहे.

हा सगळा झगडा मराठी माणसाला चटकन उमगायला हवा. साइकांनी आपल्या ओळीचं इंग्रजी भाषांतर स्वतःच केलं होतं. इंग्रजीत कर्त्याशिवाय वाक्य उभं राहत नाही, म्हणून त्यांना ‘वी’ घालावं लागलं. इंग्रजीत ‘वी’ एकच आहे. आपल्याकडे दोन आहेत: आम्ही आणि आपण. ‘आम्ही जेवायला जातो’ म्हटलं की समोरचा उपाशी. ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटलं की त्याचंही पान मांडलं. पालांनी ‘आम्ही’ ऐकलं आणि साइकांच्या मनात ‘आपण’ होतं. ओळ मराठीत असती तर कोरणाऱ्याला पहिल्याच दिवशी ठरवावं लागलं असतं, आणि वाद झालाच असता तर निदान तो कशावरून आहे हे स्पष्ट असतं.

आता मुलांची वाक्यं. ती तपासताना मला माझी आजी आठवते. लहानपणी माझ्या हातून कंदिलाची काच गेली. मी सांगितलं, ‘काच फुटली.’ आजीनं मान वर न करता विचारलं, ‘फुटली की फोडलीस?’ मी बराच वेळ गप्प राहून म्हणालो, ‘माझ्याकडून फुटली.’ तिनं ते चालवून घेतलं. फुटली, माझ्याकडून फुटली, मी फोडली: जबाबदारीच्या या तीन पायऱ्या मराठी मूल शाळेत जायच्या आधीच शिकतं.

‘चूक पुन्हा होणार नाही’ ही पहिली पायरी. पाऊस होणार नाही, तशी चूक होणार नाही. यात वचन देणारं कुणी नाही, नुसता अंदाज आहे. मूळ जपानी क्रियापद सकर्मक आहे, ‘पुन्हा करणे’ असं. म्हणजे करणारा आहे, फक्त त्याचं नाव घेतलेलं नाही. तेव्हा ‘होणार नाही’ बाद.

‘होऊ देणार नाही’ ऐकायला करारी वाटतं. फळ्यावर शोभेलही. पण त्यात चूक करणारा दुसरा आणि आपण राखणदार, असा अर्थ शिरतो. मेलेल्यांसमोर उभं राहून स्वतःला पहारेकऱ्याची जागा देणं मला बरं वाटत नाही, आणि मुळातही तसं नाही.

राहिलं ‘करणार नाही’. इथे मराठीची एक सुंदर सोय हाताशी येते. ‘चूक पुन्हा करणार नाही’ हे वाक्य कर्त्याशिवाय उभं राहतं. मी करणार नाही, आम्ही करणार नाही, आपण करणार नाही, तो किंवा ती करणार नाही, कुणी करणार नाही, सगळं त्यात मावतं. ‘तू’ मावत नाही, त्याला ‘नाहीस’ लागतं. ‘ते’ मावत नाही, त्याला ‘नाहीत’ लागतं. (बोलताना ‘तुम्ही करणार नाही’ असं म्हणतात, पण लिहिताना तिथेही ‘नाहीत’ बरं.) म्हणजे कर्ता उघडा ठेवूनही हे वाक्य बोट दुसऱ्याकडे वळू देत नाही. इंग्रजीच्या प्राध्यापकाला जे इंग्रजीत जमवता आलं नाही ते मराठीत जमतं.

आणखी एक: तिन्ही भाषांतरांतला ‘ही’ काढा. मुळात ‘ही चूक’ नाही, नुसतं ‘चूक’ आहे. ‘ही’ म्हटलं की बोट बॉम्बवर जातं. आणि चूक कोणती, हाच तर दुसरा प्रश्न आहे. बॉम्ब टाकणं? की ज्या युद्धाच्या शेवटी तो पडला ते युद्ध? हिरोशिमा हे फौजेचं शहर होतं. 1894-95 च्या चीन युद्धात सम्राटाचं युद्धमुख्यालय तिथे होतं आणि उजिना बंदरातून पलटणी परदेशी रवाना होत. बॉम्बनं मारलेल्यांत कोरियातून आणलेले मजूरही होते, म्हणजे जपानी साम्राज्याचेच पिचलेले लोक. त्यांचं स्मारक 1970 मध्ये उभं राहिलं ते ही कमान ज्या उद्यानात आहे त्याच्या बाहेर. ते आत यायला 1999 उजाडलं. 1983 मध्ये शहरानं पेटीजवळ खुलाशाचा फलक लावला: सगळ्या मानवजातीच्या वतीनं, युद्धाचं दुष्कृत्य पुन्हा न करण्याचं हे वचन आहे. तरी वाद विझला नाही. 2005 च्या जुलैत एका तरुणानं छिन्नी-हातोडा घेऊन ओळीतला ‘आयामाचि’ हाच शब्द खरवडला.

त्या शब्दासाठी मराठीत काय ठेवायचं यावर मी बराच घोळलो. तो ज्या चिनी अक्षरानं लिहितात त्याचा अर्थ ओलांडून जाणं, मर्यादेपलीकडे जाणं. आपली ‘आगळीक’ अगदी तशीच घडली आहे. ‘आगळा’ म्हणजे मुळात जास्तीचा. पण वर्तमानपत्रांनी आगळीक सीमेपलीकडच्यांच्या नावे करून टाकली आहे. आपली स्वतःची आगळीक आता कुणी म्हणत नाही. ‘गुन्हा’ म्हटलं की पोलीस आणि कोर्ट येतं, ‘पाप’ म्हटलं की देव येतो. ‘अपराध’ जवळचा आहे, अपराध पोटात घाल असं आपण म्हणतोच, पण तो अपराधी कोण हे लगेच विचारतो. मी ‘चूक’ ठेवीन. शब्द हलका आहे, गणितातही चूक होते, ही तक्रार मला मान्य आहे. पण वाटही चुकते, आणि वाट चुकलेला माणूस कुठे जाऊन पोचेल याला मर्यादा नसते.

कर्ता गाळणं नेहमीच थोर असतं असं मात्र मुलांना सांगू नका. 15 ऑगस्ट 1945 च्या दुपारी सम्राट हिरोहितोंचा आवाज जपानी जनतेनं रेडिओवर पहिल्यांदा ऐकला. त्या भाषणात ‘पराभव’ नाही, ‘शरणागती’ नाही. युद्धाची स्थिती जपानच्या फायद्याची राहिलेली नाही, एवढ्यावर भागवलं आहे. आजही त्या दिवसाला तिथे ‘शूसेन’ म्हणतात, युद्धसमाप्ती. काही लोक मुद्दाम ‘हाइसेन’ म्हणतात, युद्धातली हार. युद्ध संपलं आणि युद्ध हरलो, यातही फुटली आणि फोडलीचंच अंतर आहे. युद्ध कुणी सुरू केलं हा प्रश्न ‘संपलं’ या शब्दात बुडून जातो. पेटीवरच्या ओळीत मात्र करणारा बुडत नाही, वाचणाऱ्याची वाट पाहत उभा राहतो. मला हा फरक फार मोठा वाटतो, आणि नववीच्या मुलांना तो कळेल असंही वाटतं.

शेवटचा ‘कारा’ विसरू नका. बहुतेक भाषांतरांत तो गळतो. मेलेल्यांना नुसतं झोपा म्हटलेलं नाही, झोपायला कारण दिलं आहे. आणि ‘चिरशांती लाभो’ नको, ते श्रद्धांजलीच्या जाहिरातीत रोज छापतात. मी फळ्यावर असं लिहीन:

‘निवांत निजा, कारण चूक पुन्हा करणार नाही.’

‘कोण करणार नाही?’ असं एखादं मूल विचारेल. विचारू द्या, आणि कर्ता घालायचाच झाला तर त्यालाच खडू द्या. ‘आम्ही’ लिहिलं तर पालांची हरकत सांगा. ‘आपण’ लिहिलं तर साइकांचं पत्र सांगा. ‘मी’ लिहिलं तर पुसू नका.