जुन्या घराची जागा : नकाशा शेतापर्यंत नेतो, जोत्यापर्यंत खिळे

प्रश्न : अमेरिकेच्या जुन्या सरकारी नकाशावर घराचा काळा चौकोन स्पष्ट दिसतो. जीपीएस लावून तिथे गेलो तर मोकळं शेत, आणि मेटल डिटेक्टर (धातुशोधक यंत्र) गप्प. नकाशा चुकीचा समजायचा का?

नकाशाकडून तुमची अपेक्षा जास्त आहे. यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या) जुन्या नकाशांचं प्रमाण बरेचदा 1:62,500 असतं, म्हणजे कागदावरचा 1 मिलिमीटर जमिनीवर 62.5 मीटर. खूण अर्ध्या मिलिमीटरने सरकली तरी तुम्ही 30 मीटर लांब उभे राहता. त्यामुळे चौकोनाभोवती निदान 60 मीटर त्रिज्येचं वर्तुळ धरा.

आधी नकाशा क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरच्या जिओरेफरन्सरमध्ये आजच्या उपग्रहचित्रावर बसवा, म्हणजे दोन्हींवरचे तेच बिंदू जुळवा. तीन बिंदूंवर तो बसतो खरा, पण मग चूक शून्य दाखवली जाते आणि फसगत होते. सहा ते आठ बिंदू घ्या, चारही कोपऱ्यांत पसरलेले. चौरस्ते, रेल्वे फाटक, जुनी चर्च चालतील. ओढ्याची वळणं नकोत, ओढे पात्र बदलतात.

मग रस्ता पाहा. आमच्या मते निम्म्या फसलेल्या शोधांचं मूळ इथे आहे. रस्ता पुढे सरळ केलेला असेल तर घर जुन्या वळणाला तोंड करून होतं. घर रस्त्याच्या कोणत्या हाताला, चौरस्त्यापासून कितवं, हे सर्वेक्षक सहसा बरोबर दाखवत. नेमकं अंतर तितकं भरवशाचं नसतं. समासातलं सर्वेक्षणाचं वर्षही वाचा. छपाईचं वर्ष बरंच नंतरचं असू शकतं.

प्रश्न : नकाशाच्या आधीच मोडलेलं घर कसं शोधायचं?

जनरल लँड ऑफिसच्या (सरकारी जमीन वाटणाऱ्या जुन्या कचेरीच्या) नोंदींत जमीन कोणाला, कधी मिळाली ते कळतं; घर कुठे होतं ते क्वचितच. तरी 1862 च्या होमस्टेड कायद्याने जमीन घेणाऱ्याला तिथे राहणं आणि पाच वर्षं ती कसणं भाग होतं, म्हणजे अशा तुकड्यात बहुधा घर होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या काउंटी अ‍ॅटलसमध्ये मालकाच्या नावासह घराची खूण सापडते. 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनची कृषी खात्याची हवाई छायाचित्रं उत्तम : घर गेलेलं असतं, पण शेतात मध्येच झाडांचा पुंजका आणि त्याकडे जाणारी पुसट वाट दिसते. झाडीखालचा तळघराचा खड्डा लायडारच्या (विमानातून लेझरने जमिनीचे उंचसखल भाग मोजून केलेल्या) चित्रात उठून दिसतो. सॅनबॉर्नचे विमा-नकाशे फक्त गावा-शहरांसाठी. त्यांत गुलाबी म्हणजे विटांचं घर, पिवळं म्हणजे लाकडी. शेतघरासाठी त्यांच्यात वेळ घालवू नका.

प्रश्न : जागेवर पोहोचल्यावर आधी काय पाहावं?

डिटेक्टर बंद ठेवून चाला. रानात डॅफोडिल, लायलॅक, युक्का किंवा व्हिंका दिसली तर ती कोणीतरी लावलेली असण्याची शक्यता मोठी. नांगरलेल्या शेतात काचेचे आणि चिनी मातीचे तुकडे, विटांचा चुरा, कोळशाची राख शोधा. नांगर ते पसरवतो, म्हणून जिथे दाटी जास्त तिथे थांबा. खिळेही वय सांगतात : चौकोनी अंगाचे, निमुळते कापीव खिळे साधारण 1890 पूर्वीचे, गोल तारेचे त्यानंतर सर्रास झाले.

प्रश्न : खिळेच खिळे वाजतात. डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूचा आवाज गाळण्याची सोय) वाढवावं का?

उलट, आधी ते शून्यावर आणून ऑल मेटलवर फिरा. लोखंडाचा कल्लोळ जिथे सुरू होतो आणि संपतो, तीच घराची हद्द. तिथे झेंड्या रोवा. डिस्क्रिमिनेशन वाढवलं की खिळ्याशेजारचं नाणंही गप्प होतं. मोठं कॉइल (डिटेक्टरची खालची तबकडी) एका वेळी चार-पाच खिळे पकडतं, म्हणून 5-6 इंची कॉइल लावा, रिकव्हरी स्पीड (एका आवाजानंतर पुढचा वेगळा ओळखण्याचा वेग) वाढवा आणि हात अगदी सावकाश फिरवा. एकदा उत्तर-दक्षिण, मग काटकोनात. पत्र्याचा तुकडा चांदीसारखा उंच सूर देऊन फसवतो. कॉइल हातभर वर उचलूनही आवाज खणखणीत राहिला तर ते मोठं लोखंड समजा. जोत्याच्या आतल्यापेक्षा दारासमोरचं अंगण, विहिरीची वाट, जुन्या झाडांच्या सावलीची जागा आणि कपडे वाळत घालायचा कोपरा जास्त देतात.

प्रश्न : पडीक जागेला परवानगी लागते?

लागते, मालकाची, आणि लेखी. कसणाऱ्या कुळाची पुरत नाही. मालकाचं नाव काउंटीच्या मालमत्ता नोंदींत मिळतं. संघराज्याच्या जमिनीवर 1979 च्या कायद्यानुसार 100 वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तू परवान्याविना उकरणं गुन्हा आहे. राज्यांचे नियम वेगळे तपासा. आणि विहिरीची वाट शोधताना पुढची जमीन काठीने ठोकत जा : जुन्या विहिरींवरच्या फळ्या कुजलेल्या असतात आणि वर गवत माजलेलं असतं.