गहू सुटला, आता पोट अडलं

प्रश्न : ताई, मी मानेवाड्याला राहते, वय ४३. रक्त तपासलं, दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढला आणि सेलिअ‍ॅक निघालं, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन माझ्या आतड्याला इजा करतं. पाच आठवड्यांपासून पोळी, रवा, मैदा सगळं बंद आहे. दहा दिवसांत जुलाब थांबले, पण आता उलटंच झालंय, तीन-तीन दिवस पोट साफ होत नाही. दूध घेतलं की पोट फुगतं. सकाळी पोहे किंवा साबुदाणा, दोन्ही वेळा वरणभात, चारला ग्लुटेन-फ्री बिस्किटं, एवढंच खाते. तरी वरणभातानंतरही कधीकधी मळमळतं. मला सोबत म्हणून १६ वर्षांच्या मुलीनेही पोळी सोडली आहे. माझं काय चुकतंय?

उत्तर : तुमची यादी वाचून बद्धकोष्ठाचं मला नवल वाटलं नाही. दिवसाच्या पाच-सहा पोळ्या गेल्या, त्यांच्याबरोबर कोंडाही गेला, आणि त्या जागी आलं काय, तर पांढरा भात आणि साबुदाणा. साबुदाण्यात चोथा जवळपास नसतोच. त्या महागड्या बिस्किटांचं पाकीटही उलटून वाचा, बहुतेकदा स्टार्च, साखर आणि तेलच सापडेल.

वैदर्भी बाईला भाकर खा म्हणून सांगायला मलाच अवघडल्यासारखं होतं, पण नागपुरात आपण ज्वारी झुणक्यापुरती ठेवली हे खरं आहे. संध्याकाळी एक भाकर आणि जवसाची चटणी, एवढ्याने सुरुवात करा, पाणी वाढवा. आठवडाभर एकच भाकर. एकदम दोन्ही वेळा सुरू केली तर गॅस होईल आणि तुम्ही ज्वारीलाच नावं ठेवाल. संत्र्याचा रस काढू नका, फोडी खा.

ज्वारी कोपऱ्यावरच्या चक्कीवर मात्र नेऊ नका. आधीच्या गिऱ्हाइकाचं गव्हाचं पीठ जात्यात असतंच. आपल्याकडे किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असेल तरच पाकिटावर ग्लुटेन-फ्री छापता येतं. किलोभर ज्वारीच्या पिठात चमचाभर कणीक मिसळली तरी ही मर्यादा कितीतरी पटीने ओलांडली जाते. घरघंटी असेल तर आधी नीट साफ करून ती फक्त ज्वारी-तांदळासाठी राखा.

आता वरणभात. तांदूळ चालतो, तूरडाळ चालते. फोडणीतल्या हिंगाचं काय? मी स्वतः यात एकदा फसले आहे. एक पेशंट चार महिने काटेकोर पथ्य पाळत होत्या, तरी पोट दुखायचं. मी मसाले विचारले, पापड विचारले, भांडी वेगळी करायला लावली. शेवटी त्या स्वयंपाकघरातल्या डब्या पिशवीत भरून घेऊन आल्या आणि पिवळ्या हिंगाच्या डबीमागे बारीक अक्षरांत दिसलं : गव्हाचं पीठ. बांधणीच्या हिंगात ते सर्रास घालतात. चार महिने रोज दोनदा फोडणी! तुमची डबी आजच बघा. तांदळाच्या पिठातला किंवा नुसता खडा हिंग मिळतो.

दुधाचं कारण वेगळं आहे. लहान आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, सेलिअ‍ॅकमध्ये ती झिजते. दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज या लवेच्या शेंड्यांवर असतं, म्हणून दूध बाधतं. लव परत येते, पण मोठ्या वयात काही महिने, कधी वर्षाहून जास्त लागतं. तोवर दूध थांबवा, दही-ताक थोडं थोडं घेऊन बघा, कॅल्शियमसाठी तीळ आणि नाचणी आहेच.

शौचात रक्त दिसलं किंवा वजन उतरू लागलं तर मात्र थांबू नका, डॉक्टरांना गाठा.

मुलीला आज पोळी वाढा. आईला सेलिअ‍ॅक असेल तर मुलांचीही तपासणी करायला हवी, आणि रक्तातली अँटिबॉडी गहू खात असतानाच नीट दिसते. गहू सोडून काही आठवडे गेले की रिपोर्ट खोटाच चांगला येऊ शकतो. तिला किती दिवस पोळी खाऊन मग रक्त द्यायचं, ते तुमच्या पोटाच्या डॉक्टरांना विचारा. तुमच्यासाठीचं तिचं प्रेम कळतं, पण ही सोबत तपासणी होईपर्यंत नको.

आणि हिंगाच्या डबीवर काय निघालं, ते मला कळवा.